साडेसातची सावित्री

आम्ही जोगेश्वरी पूर्वेच्या बायका. कोणी मेघवाडीतली, कोणी माजसची, कोणी श्यामनगरची, दोघीतिघी प्रेमनगरच्या. आज आम्ही एका बंद पडलेल्या मालिकेविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? दर महिन्याला एक मालिका सुरू होते आणि एक गुंडाळली जाते. खरं आहे. पण ही मालिका सावित्रीबाई फुल्यांची होती, आणि ती बंद झाली तेव्हा जे बोललं गेलं, त्यात बायकांनी काय पाहिलं आणि काय नाही याचा हिशेब आमच्या नावावर मांडला गेला. तो हिशेब आम्हाला एकदा उलगडून बघायचा आहे.

मालिकेचं नाव 'सावित्रीजोती', आणि त्याखाली ओळ होती 'आभाळाएवढी माणसं होती'. सोनी मराठीवर ती ६ जानेवारी २०२० ला, सोमवारी, सुरू झाली. सावित्रीबाईंची जयंती ३ जानेवारीला असते, तिला धरूनच. दशमी क्रिएशन्सने ती काढली होती. अश्विनी कासार सावित्रीबाई झाली होती, ओंकार गोवर्धन जोतीराव. फुल्यांवर आयुष्यभर काम केलेले प्रा. हरी नरके संशोधनाच्या बाजूने पाठीशी होते. म्हणजे लुगडं नेसवून आणि खोपा घालून केलेला नुसता देखावा नव्हता, मागे अभ्यास होता. आणि २६ डिसेंबर २०२० ला ती संपली. वर्षसुद्धा भरलं नाही. पुढची जयंती आठ दिवसांवर होती. टीआरपी फारच कमी आहे, म्हणून मालिका बंद होते आहे, असं नरके सरांनीच तेव्हा जाहीरपणे सांगितलं होतं. आज सरही नाहीत. ९ ऑगस्ट २०२३ ला ते गेले.

मालिका बंद झाल्यावर जे म्हटलं गेलं ते तुम्हीही ऐकलं असेल. बायकांना सासू-सुनेची भांडणंच हवीत, चांगलं दिलं तर बघत नाहीत. आमच्यातल्या एका जावेला हे तिच्या दिरानेच ऐकवलं, तेही क्रिकेटची मॅच बघता बघता! म्हणून आधी वेळेचंच बोलू.

मालिका सुरू झाली ती संध्याकाळी साडेसातला. आता आठवा, त्या जानेवारीत साडेसातला आणखी काय लागत होतं. झी मराठीवर 'तुझ्यात जीव रंगला', म्हणजे राणादा आणि पाठकबाई. ती मालिका २०१६ पासून घराघरात मुरलेली. स्टार प्रवाहवर 'आई कुठे काय करते', तीही नुकतीच, २३ डिसेंबर २०१९ ला सुरू झालेली, अरुंधतीची. आणि सोनी मराठीवर सावित्रीबाई. एकाच वेळी तीन वाहिन्यांवर तीन बायका. एक कोल्हापूरकडच्या शाळेतली शिक्षिका. दुसरी पंचवीस वर्षं घर ओढून, नंतर स्वतःच्या पायावर उभं राहायला निघालेली गृहिणी. तिसरी ती, जिच्यामुळे या दोघी तिथपर्यंत पोचल्या. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली नसती, तर पाठकबाईंच्या हातात खडू कुठून आला असता? आणि अरुंधतीच्या डोक्यात तरी, मी कोण, हा प्रश्न कुठून आला असता? आम्ही काही या दोन मालिकांना नावं ठेवत नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणी त्या बघत होत्या, अरुंधतीने घर सोडलं त्या दिवशी रडल्यासुद्धा. पण टीव्ही एकच असतो. साडेसातला तीन बायकांतली एकच निवडायची, आणि जिची ओळख आधीची, तिचं पारडं जड. सोनी मराठी ही वाहिनीच मुळात ऑगस्ट २०१८ मधली, तेव्हा दीड वर्षाची पोर. शिवाय फेब्रुवारी २०१९ पासून केबलचे नियम बदलले होते. पैशाच्या वाहिन्या आपण निवडायच्या आणि तेवढ्यांचेच पैसे भरायचे. ज्या घराने केबलवाल्याला सांगताना ती वाहिनी घेतली नव्हती, त्या घरात सावित्रीबाई आल्याच नाहीत. 'बघितली नाही' आणि 'दिसलीच नाही' यात फरक आहे की नाही?

आणि साडेसातला बाई असते कुठे? आमच्याकडची म्हणाल तर निम्म्या जणी तेव्हा कामावरून सुटून जोगेश्वरी स्टेशनच्या पुलावर असतात, नाहीतर लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात. उरलेल्या ओट्यापाशी. दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाकघर आणि टीव्ही यांच्यात भिंत नसते, म्हणून आम्ही मालिका बघत नाही, ऐकतो. पाठ टीव्हीकडे, हात पोळपाटावर, आणि काही मोठं घडलं की ढॅण-ढॅण वाजतं, तेव्हा मान वळवायची. मालिकावाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर एकच वाक्य तीनदा म्हणतात आणि एकेका चेहऱ्यावर तीन-तीनदा वीज पाडतात. आम्ही हसतो त्याला, पण ती सोय आमच्यासाठीच केलेली आहे.

आता टीआरपी म्हणजे काय, ते जरा नीट बघू. हा शब्द आपण सगळ्याच जणी वापरतो, पण तो मोजतात कसा ते आमच्या गटात फारसं कोणाला माहीत नव्हतं. बार्क नावाची संस्था हे मोजमाप करते. काही निवडक घरांत टीव्हीला एक डबी जोडलेली असते. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात, आपल्या कानाला कळणार नाही अशी, एक खूण मिसळलेली असते. ती खूण ओळखून कोणती वाहिनी चालू आहे ते डबी नोंदवते. घरातल्या प्रत्येक माणसाला रिमोटवर आपापलं बटण दिलेलं असतं. टीव्हीसमोर बसलं की दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. सगळ्या घरांची नोंद एकत्र करून दर गुरुवारी आकडे निघतात. त्या आकड्यांवर जाहिरातीचा दहा सेकंदांचा भाव ठरतो, आणि त्या भावावर मालिकेचं आयुष्य.

अशा डब्या किती? २०२० च्या सुमारास देशभरात ४४,००० घरांच्या आसपास. आणि टीव्ही असलेली घरं सुमारे २१ कोटी. भागाकार आमच्यातल्या एकीच्या लेकीने करून दिला: पावणेपाच हजार घरांमागे एक डबी. भाताचं एक शीत दाबून भात शिजला का ते आपणही बघतोच, तेव्हा थोड्यांवरून सगळ्यांचं मोजमाप करायला आमची हरकत नाही. आमचा प्रश्न त्या बटणाचा आहे. जी बाई चपात्या लाटता लाटता ऐकते आहे, तिचं बटण कोण दाबणार? पीठ लागलेल्या हाताने ती उठून येणार? आणि ती ऐकते आहे ते बघणं धरायचं की नाही? जो खाटेवर पाय पसरून बसला आहे, त्याचं बटण मात्र बरोबर दाबलं जातं, आणि रिमोटही त्याच्याच हातात असतो. मग त्याने लावलेल्या वाहिनीचा आकडा येतो आणि त्याला म्हणतात घराची आवड. याच आकड्यांवरून २०२० च्या ऑक्टोबरात केवढा गदारोळ झाला ते आठवतं ना? डबी असलेल्या घरांना पैसे देऊन ठराविक वाहिन्या चालू ठेवायला सांगितल्या जातात, असा आरोप मुंबई पोलिसांनी केला आणि बातम्यांच्या वाहिन्यांचे साप्ताहिक आकडे जवळजवळ दीड वर्ष थांबवण्यात आले. तो प्रकार मुख्यतः बातम्यांच्या वाहिन्यांबद्दलचा होता. पण आकडा म्हणजे देवाचा कौल नव्हे, एवढं तरी त्यातून सगळ्यांना दिसलं.

शिवाय ते वर्ष कोणतं होतं! मालिका लागून दहा आठवडे होतात न होतात तोच १९ मार्चला राज्यातली सगळी शूटिंग थांबली. लोकांना सवय लागायच्या आत मालिका बंद. मग महिनोन्महिने जुनेच भाग. दूरदर्शनवर 'रामायण' पुन्हा लागलं, आणि सगळा देश तिकडे वळला. मे अखेरीस शूटिंगला परवानगी मिळाली ती अटींवर. त्यात ६५ च्या पुढच्या कलाकारांना सेटवर यायला बंदी होती. पुढे ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने ती अट काढली. जुन्या काळाची गोष्ट सांगणाऱ्या मालिकेला म्हातारी माणसं किती लागतात, विचार करा. त्यातून नवे भाग पावसाळ्यात सुरू होऊन बसतायत तोवर सप्टेंबरात आयपीएल आली. दुबई, अबू धाबी, शारजा. आणि त्या वर्षी संध्याकाळची मॅच सुरू व्हायची वेळ होती साडेसात! १९ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर, जवळजवळ रोज. आमच्या चाळीत तर साडेसातला एकाच वेळी सगळ्या घरांतून एकच आवाज यायचा. दिराचं बोलणं आम्हाला का झोंबलं, ते आता तुमच्या लक्षात येईल.

पण सगळा दोष घड्याळावर आणि डबीवर टाकून आम्ही मोकळ्या होणार नाही. मालिकेच्या गोष्टीतच एक अडचण होती, आणि ती आम्हाला महत्त्वाची वाटते. रोजची मालिका चालते ती घरातल्या कारस्थानावर. सासू, नणंद, नवऱ्याची दुसरी बाई, लपवलेलं पत्र, चोरलेला हार. सावित्रीबाईंच्या गोष्टीत यातलं काय आहे? नवरा बायकोला शिकवतो. तिच्यावर संशय घेत नाही. मूल झालं नाही म्हणून दुसरं लग्न करायचा आग्रह झाला, तेव्हा जोतीरावांनी साफ नकार दिला. एरवीच्या मालिकेने एवढ्या एका गोष्टीवर शंभर भाग काढले असते! १८४९ मध्ये सासऱ्यांनी घराबाहेर काढलं खरं, पण लोकांच्या दबावाने. आणि दोघं बाहेर पडली ती एकत्र. तिचं भांडण घरात नाहीच, ते रस्त्यावर आहे. शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल पडतो, म्हणून पिशवीत दुसरं लुगडं ठेवणारी बाई ती. १८६३ मध्ये तिच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह निघालं, फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं तिने केली, त्यातल्याच एकीचा मुलगा यशवंत पदरात घेतला. १८७७ च्या दुष्काळात अन्नछत्रं चालवली. तिची गोष्ट म्हणजे काम, काम आणि काम. आणि काम करणारी बाई दाखवणं टीव्हीला अजून जमलेलं नाही. बाई सोसते ते दाखवता येतं, रडते ते दाखवता येतं, सूड घेते तेही. पण रोज उठून शाळेत जाते आणि वीस मुलींना बाराखडी शिकवते, यावर उद्याच्या भागाची उत्सुकता कशी लावून ठेवायची?

तरी असं होऊच शकत नाही असंही नाही. २०१२ मध्ये झी मराठीवर रमाबाई रानड्यांची 'उंच माझा झोका' आली, वर्षाहून जास्त चालली आणि घरोघरी आवडली. आम्ही तीही आवडीने बघितली होती. तीसुद्धा शिकणाऱ्या बाईचीच गोष्ट. पण तिच्यात भरलेला वाडा होता, सोवळंओवळं होतं, शिकायला विरोध करणाऱ्या घरच्याच बायका होत्या. टीव्हीला लागणारी सगळी भांडीकुंडी तिथे तयार होती. आता यात जातीचा प्रश्न आहे का? आमच्यात यावरून दोन तट पडले. काही जणींचं म्हणणं, वाड्यातली बाई टीव्हीला आपली वाटते, माळ्याच्या घरातली वाटत नाही. दुसऱ्यांनी दाखवून दिलं की याच दशमीने काढलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरची 'महामानवाची गौरवगाथा' स्टार प्रवाहवर २०१९ च्या मे महिन्यापासून दीड वर्षाच्या आसपास चालली, आणि ती बघायला आमच्याच वस्तीत एकेका घरी पाच-पाच घरांची माणसं जमायची. म्हणजे बघणारे होते, आणि ज्यांनी बघितलं त्यांनी आपल्या माणसाची गोष्ट म्हणून बघितली. सावित्रीबाईंना मात्र, ही आमची, म्हणून एकत्र बसून बघणारे तेवढे मिळाले नाहीत. फोटो सगळ्यांच्या शाळेत आहे, हार सगळेच घालतात. आमच्या गटाचं मत शेवटी असं झालं की जात यात आहे, पण एकटी जात नाही. हे मत सगळ्यांना पटलेलं नाही, तेही सांगून ठेवतो.

प्रेमनगरच्या आमच्या मैत्रिणींना वाट होती ती फातिमा शेख यांची. फुले दांपत्य घराबाहेर पडलं तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि फातिमाबाई सावित्रीबाईंबरोबर शिकवू लागल्या, हे त्यांनी मालिकेच्या निमित्ताने आपल्या मुलींना पहिल्यांदा सांगितलं. १८५६ च्या ऑक्टोबरात सावित्रीबाईंनी माहेराहून, नायगावहून, जोतीरावांना लिहिलेलं पत्र आहे. स्वतः आजारी होत्या, तरी त्यात काळजी कोणाची, तर आपल्यामागे फातिमावर कामाचा भार पडत असेल याची. आमच्या जोगेश्वरीने १९९२-९३ चे दिवस पाहिलेत. त्यामुळे ते पत्र आमच्यात वाचलं गेलं तेव्हा कोणी काही बोललं नाही, पण चहा थंड झाला.

आम्हाला ही मालिका चालायला हवी होती ती खरं म्हणजे दुसऱ्याच कारणासाठी. २०२० मध्ये शाळा बंद होत्या. जूनपासून अभ्यास मोबाईलवर आला. घरात मोबाईल एक, तोही बाप कामावर घेऊन जाणार. संध्याकाळी तो घरी आला की आधी दहावीतल्या मुलाचा अभ्यास, मग उरला वेळ तर सातवीतल्या मुलीचा. आमच्या गल्लीत असं एक घर नव्हतं, अनेक होती. त्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, आणि टीव्ही हीच शाळा झाली. दिवसा त्याच पडद्यावर मुलगी अभ्यास करायची आणि संध्याकाळी त्याच पडद्यावर, मुलींनी शिकावं म्हणून शेण झेलणारी बाई यायची. एका सहावीतल्या मुलीने आईला विचारलं, "सावित्रीबाईंच्या वेळी शाळा लोकांनी बंद पाडली. आता कोणी पाडली?" आईने सांगितलं, रोगाने. तेव्हा पोर म्हणाली, "पण दादाची चालू आहे." त्या घरात दुसऱ्या दिवसापासून मोबाईलच्या वेळा ठरल्या, एक तास तिचा, एक तास त्याचा. हे कुठल्या डबीत नोंदलं जाणार? शाळा उघडल्यावर आमच्या भागातल्या काही मुली परत गेल्याच नाहीत. कोणी धुण्याभांड्याला लागली, कोणाचं गावी लग्न उरकलं. एका मालिकेने ते थांबलं असतं असा आमचा दावा नाही. पण त्या वर्षी तो एक आवाज रोज अर्धा तास घरात येत होता, तो यायचा थांबला.

आणि साथीचं वर्ष! सावित्रीबाई गेल्या त्याच मुळी साथीत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात पसरला. डॉक्टर झालेल्या यशवंतने हडपसरजवळ दवाखाना उघडला, आणि पासष्टी ओलांडलेल्या सावित्रीबाई रोगी गोळा करून आणू लागल्या. मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घेऊन आल्या, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या वारल्या. शेजारचा खोकला तरी दार लावून घेणाऱ्या आम्हा सगळ्यांना, २०२० मध्ये ही बाई रोज बघायला मिळणं म्हणजे काय होतं, ते तुम्हीच समजा.

एक गोष्ट जाता जाता. मालिका बंद पडली की आपण पडद्यावरच्या माणसांचं बोलतो. आमच्या बाजूलाच गोरेगावची फिल्मसिटी. लिंक रोडवर पूर्वी कमालिस्तान स्टुडिओ होता. त्यामुळे आमच्या ओळखीत हेअरड्रेसर आहेत, कपडेपटात इस्त्री करणाऱ्या आहेत, गर्दीत उभ्या राहणाऱ्या आहेत. या धंद्यात पैसे बहुतेक नव्वद दिवसांनी मिळतात. मालिका अचानक थांबली की आधीच्या तीन महिन्यांचे यायचे असतात आणि पुढचं काम नसतं. ऐतिहासिक मालिका म्हणजे नऊवारी, खोपे, दागिने. केस बांधणाऱ्या बायकांना त्यात काम जास्त. आणि केसच का? तर मेकअप करायला बायकांना युनियनचं कार्डच मिळत नसे, बाईने फक्त केस बांधायचे. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१४ च्या नोव्हेंबरात बेकायदा ठरवलं. सावित्रीबाई गेल्या त्यालाही तेव्हा एकशे सतरा वर्षं झाली होती.

गंमत अशी की मालिका संपत होती त्याच सुमारास, ३ जानेवारी हा 'महिला शिक्षण दिन' म्हणून साजरा करायचं राज्य सरकारने ठरवलं. दिवस आला, मालिका गेली. त्यानंतर २०२४ मध्ये 'सत्यशोधक' चित्रपट आला, २०२५ मध्ये हिंदीत 'फुले' आला. चांगलं झालं. पण चित्रपटाला तिकीट काढून जावं लागतं, आणि मालिका ओट्यापर्यंत येते.

आता तुमच्याकडून आम्हाला एक हवं आहे. तुमच्या घरी साडेसातला रिमोट कोणाच्या हातात असतो, आणि तुम्ही तेव्हा कुठे असता, हे दोन ओळींत लिहून किंवा आवाजात रेकॉर्ड करून आपल्या केंद्रावर पाठवा. नाव घातलं नाही तरी चालेल. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. पुढच्या महिन्यात आम्ही ती सगळी वाचून दाखवणार आहोत, दुपारी अडीचला. तेव्हा रिमोट बहुतेक मोकळा असतो.